कंपन्यांचा पैसा देशाबाहेर जाताना: कोणी अडवला, कोणी सोडला

मागच्या अंकात या सदरात परदेशी कंपन्यांवर आपल्याकडे कोणते नियम लागतात, ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख उलट बाजूला होता: कंपनी ज्या देशाची, त्या देशाचं सरकार तिला बाहेर पैसा नेऊ देतं का? त्यावर कधी बंधनं होती का? राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात माझी सगळी नोकरी झाली, आता रत्नागिरीत असते. हा विषय माझ्या रोजच्या फायलींतला, म्हणून या वेळी फक्त त्याच पत्रांना उत्तरं देते आहे.

ताई, अमेरिकेने एकेकाळी स्वतःच्याच कंपन्यांना परदेशात गुंतवणूक करायला बंदी केली होती, असं आमच्या सरांनी वर्गात सांगितलं. जगाला मुक्त व्यापार शिकवणाऱ्या देशाने असं कशाला केलं असेल?
— तृतीय वर्ष वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, चिपळूण

सरांचं बरोबर आहे. मात्र सगळ्या देशांसाठी सरसकट बंदी नव्हती, मर्यादा वेगवेगळ्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर डॉलर सोन्याला बांधलेला होता, ३५ डॉलरला एक औंस. दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने डॉलर पुढे केले की अमेरिकेने सोनं मोजून द्यायचं. अमेरिकेचं सैन्य परदेशात, मदतीचा पैसा परदेशात, वर त्यांच्या कंपन्या युरोपात एकामागून एक कारखाने काढत होत्या. बाहेर डॉलर साचत गेले आणि अमेरिकेतला सोन्याचा साठा उतरत गेला. फ्रान्सने तर डॉलर देऊन सोनं मागायचा सपाटाच लावला.

जुलै १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पहिला उपाय मांडला. अमेरिकी माणसाने परदेशी शेअर किंवा रोखे घेतले तर त्यावर कर. कायदा झाला १९६४ मध्ये, केनेडींच्या हत्येनंतर. पण कंपनीने परदेशात स्वतःचा कारखाना काढला तर हा कर लागत नव्हता. म्हणून फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोठ्या कंपन्यांना आवाहन केलं, की बाहेर जाणारा पैसा आपणहून आवरा. आवाहनाने भागेना, तेव्हा १ जानेवारी १९६८ रोजी हुकूम निघाला आणि वाणिज्य खात्यात परदेशी गुंतवणुकीवर लक्ष ठेवणारं नवं कार्यालय उभं राहिलं. या हुकुमाला आधार कोणता घेतला, बघ. पहिल्या महायुद्धातला, १९१७ चा, शत्रूशी व्यापार रोखणारा कायदा. तो आता आपल्याच कंपन्यांना लावला.

त्या हुकुमाने जगाचे तीन गट केले. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांची सरासरी गुंतवणूक हा पाया धरला. पहिल्या गटात गरीब, विकसनशील देश. तिथे सरासरीच्या ११० टक्क्यांपर्यंत मुभा. आपला भारत याच गटात. दुसऱ्यात ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि तेलाचे देश. तिथे ६५ टक्के. तिसऱ्यात पश्चिम युरोपचा मुख्य भूभाग. तिथे अमेरिकेतून नवा पैसा न्यायचाच नाही आणि तिथल्या कारखान्याने मिळवलेला नफासुद्धा सरासरीच्या ३५ टक्क्यांपर्यंतच तिथे पुन्हा गुंतवायचा, उरलेला घरी आणायचा. कॅनडाला पुढे दोन-तीन महिन्यांत सूट मिळाली.

आता मुख्य गोष्ट. या नियमात मोजला जात होता तो अमेरिकेतून निघणारा डॉलर. कंपनीने युरोपातच कर्ज काढून युरोपात कारखाना उभारला, तर आकडा वाढत नव्हता. मग कंपन्यांनी तेच केलं. लंडनमध्ये डॉलरमधल्या रोख्यांचा बाजार नुकताच सुरू झाला होता. इटलीच्या महामार्ग कंपनीसाठी १९६३ च्या जुलैतच दीड कोटी डॉलरचे असे पहिले रोखे निघाले होते. अमेरिकेच्या बंधनांनी या बाजाराला बाळसं आलं. अमेरिकी बँकांनी लंडनमध्ये शाखा थाटल्या आणि आपल्याच देशातल्या कंपन्यांना तिथून कर्जं दिली. गडगा घातला की गुरं थांबतात, माकडं थांबत नाहीत, हे आंब्याच्या बागेत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. ज्या कंपनीची युरोपात पत होती तिचं काही अडलं नाही. अडचण झाली ती पहिल्यांदाच बाहेर पडू पाहणाऱ्या लहान कंपनीची.

ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, १९७३ मध्ये चलनांचे दर मोकळे झाले, आणि जानेवारी १९७४ च्या अखेरीस हे सगळे निर्बंध उठले.

परीक्षेसाठी एवढं पुरे, पण विषय संपला असं समजू नकोस. ऑगस्ट २०२३ मध्ये बायडेन यांनी पुन्हा हुकूम काढला आणि २ जानेवारी २०२५ पासून त्याचे नियम लागू झाले. सेमीकंडक्टर, क्वांटम तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत चीनमध्ये जाणाऱ्या अमेरिकी पैशावर त्यांनी बंधन घातलं आहे. १९६८ साली भीती सोन्याची होती, आता ती तंत्रज्ञान हातचं जाण्याची आहे.

मी ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर खलाशी होतो. १९६८-६९ च्या सुमारास बोटीवरचे साहेब म्हणायचे की आम्हाला सुट्टीला परदेशी जाताना ५० पौंडांच्या वर नेता येत नाहीत. राज्य करून गेलेल्या इंग्रजांवर ही पाळी होती, यावर विश्वास बसत नाही.
— एक निवृत्त दर्यावर्दी, हर्णै

चाचा, विश्वास ठेवा. १९६६ च्या अखेरीपासून १९७० च्या सुरुवातीपर्यंत ती ५० पौंडांची मर्यादा खरोखरच होती. त्यांचा विनिमय नियंत्रण कायदा १९४७ चा, आपल्या पहिल्या फेराच्याच, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याच्याच वयाचा. कंपनीला स्टर्लिंग क्षेत्राबाहेर, म्हणजे पौंडाशी बांधलेल्या देशांच्या गटाबाहेर, गुंतवणूक करायची तर परवानगी लागे, आणि त्या प्रकल्पातून थोड्या वर्षांत परकीय चलन परत येईल हे पटवून द्यावं लागे. परदेशी शेअर घेणाऱ्याला ठरावीक साठ्यातले डॉलर सरकारी दरापेक्षा चढ्या भावाने घ्यावे लागत. ऑक्टोबर १९७९ मध्ये थॅचर सरकारचे अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी हे सगळं एका झटक्यात रद्द केलं. उत्तर समुद्रातल्या तेलामुळे तेव्हा पौंड वधारलेला होता, म्हणून ते साधलं.

मी गिरणीत जॉबर होतो. सत्तरच्या दशकात आमच्याकडचे काही फिटर माग बसवायला आफ्रिकेत आणि थायलंडला गेले होते. तेव्हा परदेशातून एक घड्याळ आणायचं तर कस्टमवाले जीव घ्यायचे. मग शेठ लोकांना परदेशात गिरण्या काढायला पैसा कसा नेऊ दिला?
— एक निवृत्त गिरणी कामगार, संगमेश्वर

भाऊ, हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पैसा नेऊ दिलाच नव्हता. नेऊ दिली ती यंत्रं, आणि यंत्रं बसवायला तुमचे फिटर.

आपल्याकडे परकीय चलनावर पहारा बसला तो सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्धाच्या निमित्ताने, भारत संरक्षण नियमांखाली. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला, १९७३ मध्ये तो आणखी कडक केला. ज्या काळाबद्दल तुम्ही विचारताय त्या काळी डॉलर म्हणजे धान्य, तेल आणि खत. ते कारखानदाराला परदेशी गुंतवायला देणार कोण? पण सरकारला भारतात बनलेले माग आणि चात्या विकायच्याही होत्या. त्यातून १९६९ च्या मार्गदर्शक नियमांनी वाट काढली: परदेशात भागीदारीत कारखाना काढा, शक्यतो तुमचा हिस्सा निम्म्याहून कमी ठेवा, आणि भांडवल रोख न देता भारतात बनलेल्या यंत्रांच्या रूपाने द्या. अर्ज वाणिज्य मंत्रालयातल्या आंतरमंत्रालयीन समितीकडे जाई.

मी बँकेत लागले तेव्हाही हेच चालू होतं आणि अशी फाइल मी हाताळलेली आहे. एरवी निर्यातीचा माल बंदरातून निघाला की त्याचा जीआर फॉर्म आमच्याकडे येई. ठरल्या मुदतीत मालाचे पैसे आले की नाही, हे आम्ही त्यावरून तपासायचो. न आले तर निर्यातदाराच्या मागे लागायचं. या फाइलीत मात्र पैसे यायचेच नव्हते. यंत्रांच्या बिलासोबत मंजुरीचं पत्र जोडलेलं असे, आणि पैशांच्या जागी वाट बघायची ती परदेशी कंपनीच्या शेअर सर्टिफिकेटची. इकडून लाकडी खोक्यांत माग गेले, तिकडून एक कागद आला, की फाइल पुढे सरकली. त्यानंतर दरवर्षी लाभांश आला का, ते बघायचं.

बिर्लांची इथिओपियातली कापड गिरणी ही या वाटेवरची अगदी सुरुवातीची, १९६० च्या सुमाराची. आदित्य बिर्लांनी थायलंडमध्ये इंडो-थाई सिंथेटिक्स काढली ती १९६९ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे मक्तेदारीविरोधी कायदा संमत झाला. मोठ्या घराण्याला देशात नवा कारखाना काढायचा तर लायसन्स आणि वर या कायद्याची चाळण. परदेशात जाणं हा त्यातला एक सुटकेचा मार्ग होता. म्हणजे एका कायद्याने दार लावलं, म्हणून माणूस दुसऱ्या दाराशी गेला, आणि तिथे त्याला यंत्रं घेऊन जा म्हणून सांगितलं.

त्या काळी मंजूर झालेल्यांपैकी बरेच प्रकल्प कागदावरच राहिले. यंत्रं गेली, पण जोडीला खेळतं भांडवल नाही, आणि निम्म्याहून कमी हिस्सा असल्याने कारभारात शब्द चालत नाही. जे टिकले त्यांत गिरणगावातल्या हातांचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे, आणि ते मी फायली वाचून बनवलेलं आहे. यंत्राची किंमत भांडवल म्हणून मोजली गेली. ते बसवणाऱ्या संगमेश्वर-लांज्याच्या माणसाचं कसब कुठल्याही रकान्यात आलं नाही.

आमच्या तालुक्यात एन्रॉन आली, गाजली, बुडाली. कंपनी अमेरिकेची, पैसा अमेरिकेतून निघालेला. तिकडच्या सरकारने, हा पैसा कुठे जातो आणि तिथे जाऊन काय करतो, हे कधी तपासलं नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: तपासलं, पण आपला पैसा सुरक्षित आहे का, एवढंच प्रामुख्याने तपासलं.

वर चिपळूणच्या मुलीला लिहिलेल्या उत्तरात १९६८ चे निर्बंध आले आहेत. ते चालू असतानाच अमेरिकेने उलट दिशेची एक संस्था उभी केली, ओपिक नावाची. १९७१ पासून तिचं काम सुरू झालं. विकसनशील देशात जाणाऱ्या अमेरिकी कंपनीला कर्ज द्यायचं, आणि तिथल्या सरकारने प्रकल्प ताब्यात घेतला, करार मोडला तर नुकसानीचा विमा द्यायचा. म्हणजे श्रीमंत युरोपात जाणारा पैसा अडवायचा आणि गरीब देशात जाणाऱ्याला कवच द्यायचं. १९७४ नंतर अडवणं संपलं, कवच राहिलं.

अंजनवेलचा प्रकल्प, म्हणजेच एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प, याच कवचाखाली आला. त्यात एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार. मधल्या काळात, १९९३ च्या एप्रिलमध्येच, जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता: एवढी महाग वीज महाराष्ट्राला परवडणारी नाही, या कारणाने. तरीही ओपिक आणि अमेरिकेची आयात-निर्यात बँक पाठीशी राहिल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केला, पुढे वाटाघाटी करून पुन्हा केला. जून १९९७ मध्ये प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले आणि त्यांनी बायकांना घरातून ओढून मारलं; मानवी हक्क संघटनांनी ते नोंदवून ठेवलं आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, २००१ मध्ये बंद, त्याच डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांना ओपिककडून विम्याची भरपाई मिळाली, आणि तो पैसा भारताकडून वसूल व्हावा म्हणून अमेरिकी सरकार २००४ मध्ये आपल्याविरुद्ध लवादात गेलं. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही आपल्याकडची कंपनी स्थापन होऊन तिच्याकडे प्रकल्प आला. भागधारकाला विमा होता. वेलदूरच्या बाईला कसला होता?

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सलते. अमेरिका घ्या, ब्रिटन घ्या, आपला फेरा घ्या. घरच्या सरकारने बाहेर जाणारा पैसा अडवला तो आपल्या तिजोरीत खडखडाट होऊ नये म्हणून. पैसा जिथे उतरणार त्या गावाचं काय होईल, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता. मी स्वतः शेकडो फॉर्म तपासले, त्यात रक्कम, मालकीचा हिस्सा, परताव्याची तारीख असे रकाने होते; गावासाठी एकही नव्हता.

माणसांचा विचार झाल्याची उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या पाठिंब्याने बर्क आणि हार्टके या दोन लोकप्रतिनिधींनी विधेयक आणलं की भांडवल बाहेर गेल्याने देशातला रोजगार घटत असेल तर राष्ट्राध्यक्षांनी ते थांबवावं. तो विचारही त्यांच्याच कामगारांचा होता, आणि विधेयक पास झालं नाही. यापेक्षा वेगळं घडलं दक्षिण आफ्रिकेबाबत. भारताने १९४६ मध्येच तिच्याशी व्यापार तोडला होता. स्वीडनने १९७९ मध्ये आपल्या कंपन्यांना तिथे नवी गुंतवणूक करायला कायद्याने मनाई केली. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार डावलून तेच केलं. तेव्हा प्रश्न चलनाचा नव्हता, वर्णद्वेषाचा होता. म्हणजे सरकारांच्या मनात आलं तर हे करता येतं, हे सिद्ध झालेलं आहे.

आणि तुमच्या दक्षिणेला, राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय अजून उभा आहे, म्हणून एक नवा कायदा सांगते. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये आपल्या बड्या कंपन्यांवर बंधन घातलं: परदेशातल्या कामामुळे माणसांच्या हक्कांना आणि पर्यावरणाला काय धोका आहे याचा आराखडा दरवर्षी जाहीर करायचा आणि तो अमलात आणायचा. नाही केलं तर फ्रान्सच्या न्यायालयात जाब विचारता येतो. जैतापूरच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव ज्या ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीने २०२१ मध्ये दिला, तिला हा कायदा लागू आहे. मेक्सिकोतल्या उनियोन इदाल्गो गावच्या झापोतेक लोकांनी पवनचक्क्यांच्या प्रकल्पावरून २०२० मध्ये याच कायद्याखाली ईडीएफला पॅरिसच्या न्यायालयात खेचलं, आणि २०२२ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. जैतापूर प्रकल्पाजवळच्या साखरी नाट्यात, माडबनात कुणी हे वाचत असेल तर ईडीएफचा आराखडा जरूर मागवावा. तो उघड दस्तऐवज आहे आणि त्यात आपल्या गावाचं नाव आहे की नाही, ते बघावं. गुरुजी, तुमच्यासारख्यांनी चार जणांना एकत्र बसवून तो वाचला तर फार मोठं काम होईल.

ताई, आमचा कॅनिंगचा धंदा आहे, आंब्याचा पल्प आखातात जातो. दुबईत स्वतःची कंपनी काढावी असा मुलाचा आग्रह आहे. मला सरकारी परवानगीची धास्ती वाटते. किती पैसा नेता येतो?
— एक बागायतदार, पावस

दादा, तुमची धास्ती जुन्या दिवसांची आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. जुलै १९९१ मध्ये सोनं गहाण टाकायला विमानाने पाठवणारा देश आपण. पण पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, लहान परदेशी गुंतवणुकीला आपोआप मंजुरी मिळायची सोय झाली: २० लाख डॉलरपर्यंत, त्यात रोख ५ लाखच. १९९५ पासून हे काम रिझर्व्ह बँकेकडे एका खिडकीवर आलं. जून २००० मध्ये फेरा जाऊन फेमा हा सौम्य कायदा आला, आणि मर्यादा वाढत वाढत कंपनीच्या नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) ४०० टक्क्यांवर गेली. या मोकळिकीशिवाय २००७ मधली टाटांची कोरस या युरोपातल्या पोलाद कंपनीची खरेदी झाली नसती.

मात्र दार पुन्हा ओढून घेता येतं, हेही लक्षात ठेवा. १४ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी, रुपया घसरत असताना, रिझर्व्ह बँकेने ४०० चे १०० टक्के केले आणि व्यक्तीची मर्यादा वर्षाला २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली. पंधरा ऑगस्टची सुट्टी मध्ये होती. सोळा तारखेला बँक उघडली तेव्हा माझ्या टेबलावरचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. ज्याचा त्याचा एकच प्रश्न, आमचे पैसे आता जाणार का? त्याच दिवशी सेन्सेक्स ७६९ अंकांनी कोसळला. पुढच्या वर्षी ४०० टक्के पुन्हा मिळाले.

आता तुमच्यापुरतं. सध्या चालतात ते ऑगस्ट २०२२ चे नियम. तुमचा धंदा खाजगी कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणी केलेली भागीदारी असेल, तर शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नक्त मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत गुंतवणूक परवानगीविना करता येते; तिकडच्या कंपनीसाठी दिलेली हमीही त्यात धरली जाते. धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तुम्ही व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देणाऱ्या योजनेतच बसता. पावस परिसरातले बरेचसे कॅनिंगवाले या दुसऱ्या प्रकारातले आहेत, म्हणून आधी तुमच्या सीएला हे विचारा.

पैसे पाठवण्याआधी बँकेत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या. तो मिळाला म्हणजे सरकारने तुमचा धंदा चांगला ठरवला, असा अर्थ नाही. ती फक्त नोंद आहे. दुबईत जागा घेऊन विकायचा विचार मुलाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका, जमिनी-घरांची खरेदी-विक्री या वाटेने चालत नाही. दरवर्षी ३१ डिसेंबरपूर्वी तिकडच्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल बँकेला द्यावा लागतो. तो चुकला तर पुढचा पैसा अडतो आणि विलंब शुल्क भरावं लागतं. आणि तुमचं कुठलं कर्जखातं थकीत गेलेलं असेल, एखाद्या वाईट मोसमात ते होतंच, तर आधी त्या बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. बँकेने अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत काही कळवलं नाही, तर हरकत नाही असं धरलं जातं. म्हणून तो अर्ज लेखी द्या आणि पोच घेऊन ठेवा.